कुठलं कॅड घेऊ?

परवा शनिवारी सकाळी, पोहे अजून बशीतच होते, तेवढ्यात भोसरीहून मित्राचा फोन आला. "तू सॉफ्टवेअरवाला ना? मग सांग, कुठलं कॅड घेऊ?"

आता मी सॉफ्टवेअरवाला आहे हे खरं, पण बँकांची व्याजं मोजणारा. दाताच्या डॉक्टरला गुडघ्याचं विचारावं तसा प्रकार. पण आम्ही दोघं मेकॅनिकलला एका बेंचवर होतो. ड्रॉइंगच्या शीटा त्याने काढल्या आणि मी काचेखाली दिवा लावून त्यांची 'जीटी' मारली, हे ऋण आहेच. पुढे मी आयटीत पळालो आणि तो वडिलांच्या वर्कशॉपमधे गेला. त्यामुळे 'मला काय विचारतोस' म्हणायची सोय नव्हती.

त्याचा धंदा जिग-फिक्श्चरचा. म्हणजे कास्टिंग मशीनवर चढवताना ते दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात घट्ट बसावं म्हणून जो पोलादी पाळणा लागतो तो बनवायचा. बारा-पंधरा माणसं, चार व्हीएमसी, आणि वरच्या माळ्यावर एसी लावलेल्या खोलीत डिझाइनची चार पोरं. गेली अकरा वर्षं ही पोरं एकाच कॅडवर काम करतायत. मधल्या दर्जाचं, पीसीवर चालणारं. सगळी जुनी फिक्श्चर्स त्यात आहेत.

आणि आता एक मोठं गिऱ्हाईक आलंय. ऑर्डर चांगली आहे, दोन वर्षांची. अट एकच: फिक्श्चरची मॉडेल्स आमच्या कॅडमधे द्या, त्याच व्हर्जनमधे, फीचर ट्रीसकट. 'डेड सॉलिड' चालणार नाही. त्या कॅडची एक सीट घ्यायची म्हणजे काही लाख, वर दरवर्षीचा मेंटेनन्स वेगळा. चारही सीट बदलायच्या तर नवं मशीन येईल एवढे पैसे. तर घ्यावं का? सगळं बदलावं का? की हात जोडून नाही म्हणावं?

"एक आठवडा दे," म्हटलं. मग वाचत बसलो. त्याचाच हा लेख. कॅडचा इतिहास म्हणून सुरुवात केली होती, पण निघाला बराचसा पुण्याचाच इतिहास. असो.

सुरुवात कॉम्प्युटरच्याही आधीपासून करू, कारण माझ्या मते प्रश्न तिथेच सुरू होतो.

एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली. पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा त्यानंतर भरत गेला. टेल्कोचं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर पुण्यात उभं राहिलं १९६६ मधे. त्याआधी टेल्कोचा ट्रक होता डाइमलर-बेंझचा. तो करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षं चालला. बजाजची स्कूटर सुरुवातीला इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर. म्हणजे काय, तर बाहेरून आधी ड्रॉइंगं आली आणि मग कारखाने शिकले. ज्याचं ड्रॉइंग त्याची भाषा. मापं कशी लिहायची, टॉलरन्स कसा दाखवायचा, कुठला 'व्ह्यू' कुठे काढायचा, हे सगळं ड्रॉइंगबरोबर यायचं.

इंजिनिअरिंगवाल्यांना फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल आठवत असेल. (नसेल तर एन. डी. भट्टांचं पुस्तक अजून माळ्यावर सापडेल.) बाकीच्यांसाठी थोडक्यात: एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने बघायची आणि तिन्ही चित्रं एका कागदावर मांडायची. युरोपच्या पद्धतीत वरून दिसणारं चित्र खाली काढतात, अमेरिकेच्या पद्धतीत वर. बाजूच्या चित्राचंही तसंच, डावं-उजवं उलट. भारताने फर्स्ट अँगल म्हणजे युरोपची पद्धत स्वीकारली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चिमुकला निमुळता शंकू काढलेला असतो, त्यावरून कुठली पद्धत ते कळतं. तो बघायचा राहिला तर वस्तू आरशातली बनते. डावा ब्रॅकेट हवा असताना उजवा.

मित्राचे वडील, आमचे काका, एका मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पुढे नोकरी सोडून त्यांनी भोसरीत गाळा घेतला. अमेरिकन गिऱ्हाइकाच्या पहिल्याच ऑर्डरला त्यांच्याकडून नेमका हाच घोळ झाला. शंकूकडे कुणी बघितलं नाही आणि अख्खा लॉट उलटा निघाला. काका अजून सांगतात, "चूक माझीच. ड्रॉइंग त्याचं होतं, डोळे माझे होते." त्यानंतर त्यांनी आलेलं प्रत्येक ड्रॉइंग बोर्डवर पुन्हा स्वतःच्या पद्धतीने काढायचा नेम केला. आठ-आठ दिवस जायचे त्यात. पण त्यामुळे मापामागचं कारण कळायचं, असं त्यांचं म्हणणं. हे 'कारण' प्रकरण पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, रोटरिंगची पेनं, चूक झाली की ब्लेडने खरवडायचं, आणि मग अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यातून पाणी काढणारा वास. या जगात 'कुठलं सॉफ्टवेअर' हा प्रश्न नव्हता. पेन्सिल कुठल्याही कंपनीची चालायची.

ऑटोडेस्कने ऑटोकॅड बाजारात आणलं १९८२ च्या डिसेंबरमधे. पुढे पीसी स्वस्त झाले तसं ते पुण्यातही गल्लोगल्ली पोचलं. ऑटोकॅडमुळे फार बदललं असं मला वाटत नाही. बोर्ड काचेवर आला एवढंच. रेघ ही रेघच राहिली. कॉम्प्युटरला ती गोल रेघ म्हणजे भोक आहे की बॉस, हे माहीत नसायचं.

खरी उडी थ्रीडीची. तिचे धागे तीन ठिकाणचे, आणि गंमत म्हणजे तिन्ही शेवटी पुण्यात येतात.

पहिला धागा फ्रान्सचा. मिराज विमानं बनवणाऱ्या दासोला विमानाचे वक्र पृष्ठभाग गणितात बसवायचे होते. (आपल्या हवाई दलात १९८५ मधे मिराज २००० आली ती यांचीच, आणि राफेलही.) त्यासाठी त्यांनी घरातच कॅटिया लिहिलं. ते विकायला १९८१ मधे दासो सिस्टिम्स ही वेगळी कंपनी काढली आणि विक्रीचं काम आयबीएमकडे दिलं. विमानवाल्यांनी घेतलं, मग मोटारवाल्यांनी.

दुसरा धागा इंग्लंडचा. केंब्रिजच्या काही संशोधकांनी १९७४ मधे शेप डेटा नावाची छोटी कंपनी काढली. त्यात इयन ब्रेड होते, चार्ल्स लँग होते, अॅलन ग्रेअर होते. या मंडळींनी सॉलिड मॉडेलिंगचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. कर्नल म्हणजे कॅडचं इंजिन. ठोकळ्यातून नळकांडं वजा केलं की उरलेल्या आकाराचे पृष्ठभाग कुठले, कडा कुठल्या, कुठली कड कुठल्या पृष्ठभागाला चिकटलेली, हे सगळं हिशेबात ठेवणारा भाग. वरचे मेनू आणि आयकॉन ही नुसती बॉडी. शेप डेटाचा पुढचा कर्नल म्हणजे पॅरासॉलिड. ब्रेड आणि मंडळींनी नंतर बाहेर पडून दुसरा कर्नल लिहिला, तो एसिस.

या दोन भावंडांचं नशीब बघा. पॅरासॉलिड हातोहात फिरत फिरत मॅकडॉनेल डग्लसकडे, तिथून १९९१ मधे युनिग्राफिक्सबरोबर ईडीएसकडे, आणि शेवटी २००७ मधे सीमेन्सकडे आला. एसिस २००० साली दासोने घेतला. आता दासोच्या मालकीचं सॉलिडवर्क्स चालतं कशावर? पॅरासॉलिडवर. म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी सीमेन्सच्या इंजिनवर! सीमेन्सची स्वतःची एनएक्स आणि सॉलिड एज पण त्याच इंजिनवर. माझा मित्र ज्या दोन कॅडमधे अडकलाय ती दोन्ही बाहेरून भांडणारी आणि आतून एकाच आईची. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग फाइल का उघडत नाही रे?" बरोबर प्रश्न आहे. येतो तिकडे.

तिसरा धागा बॉस्टनचा. सॅम्युएल गाइसबर्ग हे लेनिनग्राडहून अमेरिकेत आलेले गणिती. त्यांनी १९८५ मधे पीटीसी काढली आणि दोन-तीन वर्षांत प्रो-इंजिनिअर बाजारात आणलं. प्रो-ई ची खरी कल्पना अशी, की कॉम्प्युटरने वस्तूचा आकार लक्षात ठेवायचा नाही, वस्तू कशी बनवली ते लक्षात ठेवायचं. आधी प्लेट, मग तिच्या कडेपासून २५ वर भोक, मग त्या भोकाभोवती बॉस, मग कडेला फिलेट. प्लेटची लांबी बदलली की भोक आपोआप सरकतं, कारण ते कडेला बांधलेलं आहे. पुरणपोळी जपायची नाही, कृती जपायची. गूळ कमी केला की पुन्हा पोळी करून देणार.

आपल्या भाषेत सांगायचं तर फीचर ट्री म्हणजे सोर्स कोड, आणि शेवटचा आकार म्हणजे कंपाइल केलेली एक्झिक्युटेबल. एवढं एक वाक्य समजलं की पुढचं सगळं समजतं.

पण प्रो-ई ला लागायचं युनिक्सचं वर्कस्टेशन, आणि किंमत मोठ्या कंपन्यांनाच परवडेल अशी. भोसरीचा गाळेवाला त्या काळी त्याच्या वाटेलाही गेला नाही. त्याचा दरवाजा उघडला तो १९९५ मधे. जॉन हर्शटिक नावाच्या माणसाने विंडोजवर चालणारं सॉलिडवर्क्स आणलं, सुमारे चार हजार डॉलरला. (हे गृहस्थ एमआयटीच्या ब्लॅकजॅक टीममधले. पत्त्यांत जिंकलेल्या पैशांतून कंपनी काढली म्हणतात.) तेव्हा डॉलर पस्तिशीच्या आसपास होता, म्हणजे साधारण दीड लाख रुपये. स्वस्त नव्हे, पण कर्ज काढून घेता येईल असं. दोनच वर्षांत, १९९७ मधे, दासोने सॉलिडवर्क्स ३१ कोटी डॉलरला विकत घेतलं. इंटरग्राफचं सॉलिड एज १९९६ मधे आलं, ऑटोडेस्कचं इन्व्हेंटर १९९९ मधे. आणि मग शनिवार-रविवार कॅडचे क्लास, पेपरात त्यांच्या जाहिराती, आणि चोरीच्या सीडी. त्या सीडींवरच आमची पिढी शिकली हे खोटं कशाला बोला.

आता पुणे.

कॉम्प्युटरव्हिजन ही एके काळची कॅडमधली सगळ्यात मोठी कंपनी. तिचं विकासकेंद्र पुण्यात होतं. १९९८ मधे पीटीसीने कॉम्प्युटरव्हिजन विकत घेतली आणि पुण्यातली माणसं प्रो-ई च्या घरात आली. गोदरेजच्या घरातून १९९४ मधे निघालेली जॉमेट्रिक, मुंबई आणि पुण्यात. जॉमेट्रिक आणि दासो यांनी मिळून २००२ मधे थ्रीडी पीएलएम नावाची कंपनी काढली, तिचं काम पुण्यात. पुढे जॉमेट्रिक एचसीएलने घेतली (सौदा जाहीर झाला २०१६ मधे) आणि थ्रीडी पीएलएम पूर्णपणे दासोकडे गेली. सीमेन्सच्या कॅड-पीएलएमवर काम करणारी माणसंही पुण्यात आहेत. म्हणजे जगातल्या तीन मोठ्या कॅड घराण्यांपैकी तिघांचंही काम या एका गावात चालतं. बाणेरच्या एखाद्या फ्लॅटमधे तीन रूममेट आणि तिघं तीन शत्रुपक्षांत, असं सहज घडू शकतं. गॅसचं बिल मात्र एकच.

आणि तरीही, पुण्यात लिहिलेल्या एका कोडमधून पुण्यातच लिहिलेल्या दुसऱ्या कोडमधे, भोसरीतल्या माणसाला आपलं स्वतःचं फिक्श्चर नेता येत नाही.

का नेता येत नाही ते सांगतो, कारण इथे सॉफ्टवेअरवाल्याला थोडं बोलता येतं.

आकार नेता येतो. त्यासाठी १९८० पासून आयजेस आहे आणि १९९४ पासून स्टेप. स्टेप हे आयएसओचं मानक आहे, सगळी कॅड ते वाचतात-लिहितात. पण स्टेपमधून जाते ती एक्झिक्युटेबल. सोर्स कोड जात नाही. पलीकडे उघडलं की ट्रीमधे एकच ओळ: 'इम्पोर्टेड'. हाच तो डेड सॉलिड. भोक दिसतं, पण ते कडेपासून २५ वर होतं की मध्यापासून ४० वर, हे कुणालाच माहीत नसतं. काकांच्या भाषेत, माप आलं, कारण राहिलं.

मग ट्रीच का पाठवत नाहीत? असं समजा की तुम्ही सांगितलंत, 'या कडेला ३ चा फिलेट दे'. 'ही' कड म्हणजे कुठली? तुम्ही माउसने दाखवलीत. पण कॉम्प्युटरला तिला काहीतरी नाव द्यावं लागतं, कारण पुढच्या वेळी प्लेटची लांबी बदलली की सगळा ठोकळा पुन्हा पहिल्यापासून बनणार आणि त्या नव्या ठोकळ्यात 'ती' कड पुन्हा शोधावी लागणार. मधे एक खाच आली आणि एका कडेच्या दोन झाल्या तर? फिलेट कुठल्या तुकड्याला? प्रत्येक कॅडने हे नाव ठेवण्याची आपापली युक्ती काढलीय आणि ती कर्नलच्या वरच्या थरात, फाइलच्या पोटात दडलेली असते. कर्नल एक असला तरी युक्ती वेगळी. मित्राच्या 'मग फाइल का उघडत नाही'चं उत्तर हे. आकार पॅरासॉलिडमधून पॅरासॉलिडमधे सुखरूप जातो, नावं जात नाहीत.

हे अवघड काम आहे, नुसती बनवाबनवी नाही, हेही मान्य करायला हवं. फ्रीकॅड हे फुकट, खुलं कॅड २००२ पासून चालू आहे, ओपन कॅस्केड या खुल्या कर्नलवर. नावांच्या या घोळाने त्यांना इतकी वर्षं छळलं की मधलं एक माप बदललं की पुढची फीचर्स भलतीकडे जाऊन चिकटायची. त्यावरचा मोठा उपाय आत घेऊन १.० आवृत्ती आली ती २०२४ च्या नोव्हेंबरमधे. बावीस वर्षं! पण अवघड आहे म्हणून उत्तर नाही आणि उत्तर नसणंच सगळ्यांच्या सोयीचं आहे, असं दोन्ही एकदम खरं असू शकतं. गिऱ्हाईक बांधून ठेवायला याहून पक्की दोरी नाही.

उलट्या दिशेचं कामही झालंय, आणि त्यात आपली माणसं होती. सॉलिडवर्क्समधे फीचरवर्क्स नावाचा एक भाग आहे. डेड सॉलिड दिला की तो ओळखायचा प्रयत्न करतो: हे भोक असणार, हा फिलेट असणार. म्हणजे डीकंपाइलरच म्हणा. हे फीचरवर्क्स जॉमेट्रिकचं. मित्राची पोरं ते वापरतात. साधी भोकं ओळखतं, पण कास्टिंगवर बसणाऱ्या वाकड्या लोकेटर पॅडपुढे हात टेकतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ओळखलं तरी 'का' ते त्याला कुठून कळणार?

आता मूळ प्रश्न. लोक कॅड निवडतात कसं? इंटरनेटवर तक्ते असतात. सरफेसिंग कुणाचं भारी, मोठी असेंब्ली कोण उचलतं, शीटमेटल कुणाचं. मी पण तसा तक्ता करायला घेतला होता, चांगल्या सतरा ओळींचा. मग मित्राने त्याच्या ओळखीतल्या व्हेंडरांची नावं आणि त्यांच्याकडची सॉफ्टवेअरं सांगितली आणि मी तक्ता बंद केला. पुण्यात तक्त्याने कुणी कॅड घेतलेलंच नाही. घेतलंय ते नकाशाने.

जॉन डिअर ही प्रो-ई ची अगदी सुरुवातीची मोठी गिऱ्हाईक. तीच कंपनी पुढे सणसवाडीला ट्रॅक्टर बनवायला आली, तेव्हा नगर रोडच्या बाजूला प्रो-ई. फोक्सवॅगनचं घराणं कॅटियाचं, आणि २००९ मधे चाकणचा कारखाना सुरू झाला, तेव्हा चाकणला कॅटिया. जनरल मोटर्स युनिग्राफिक्सवाली, ती २००८ मधे तळेगावला आली. तिन्हीकडे माल देणारा व्हेंडर असेल तर त्याच्याकडे तिन्ही. निवड डेट्रॉइटला किंवा वुल्फ्सबुर्गला झालेली असते, भोसरीत फक्त बिल येतं. पूर्वी ड्रॉइंग जर्मनीहून आलं की फर्स्ट अँगल आणि अमेरिकेहून आलं की थर्ड अँगल, त्यातलंच हे. फरक एवढाच की तेव्हा पेन्सिल तीच चालायची.

आणि घराणी बदलतात. डाइमलरने २०१० मधे जाहीर केलं की आम्ही कॅटिया सोडून एनएक्सवर जाणार. इतकी वर्षं कॅटियात मुरलेल्या व्हेंडरांच्या पोटात गोळा आला असणार. जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीला तळेगावचं उत्पादन थांबवलं, पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. ज्याने फक्त त्या एका गिऱ्हाइकासाठी सीट घेतली असेल त्याने त्या सीटचं करायचं काय? मशीन विकता येतं, भंगारातही जातं. लायसन्सला भंगारवाला नाही.

मोठ्यांनाही हे चुकत नाही म्हणा. एअरबसचं ए३८० आठवतंय? हॅम्बुर्गची माणसं कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर आणि तुलूझची पाचव्या. एकाच कंपनीचं कॅड, नुसती आवृत्ती वेगळी. एका विमानात ५०० किलोमीटरहून जास्त वायर. जर्मनीत बनवलेले वायरिंगचे जुडगे तुलूझला आले तेव्हा जागी पोचेनात, आखूड पडले. २००६ मधे उशिरावर उशीर जाहीर झाला, आणि त्या ऑक्टोबरमधे मालक कंपनीने सांगितलं की पुढच्या चार वर्षांत नफ्याला ४.८ अब्ज युरोंचा फटका बसेल. त्यामुळे गिऱ्हाईक 'त्याच व्हर्जनमधे द्या' म्हणतं तेव्हा तो नुसता माज नसतो, हे मी मित्राला समजावलं. त्याला फारसं पटलं नाही.

व्हर्जनचा जाच वेगळाच. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडायची नाही, हा कित्येक कॅडचा शिरस्ता. एका व्हेंडरने नवी घेतली की साखळीतल्या सगळ्यांना घ्यावी लागायची. सॉलिडवर्क्सने २०२४ च्या आवृत्तीत मागच्या दोन आवृत्त्यांपर्यंत सेव्ह करायची सोय दिली. एकोणतीस वर्षांनी. ऑटोडेस्कने तर २०१६ मधे कायमची लायसन्स विकणंच थांबवलं, आता सगळं भाड्याने. आणि सॉलिडवर्क्सवाल्या हर्शटिकनेच पुढे ऑनशेप काढलं, ब्राउझरमधे चालणारं, फाइलच नसलेलं कॅड. ते २०१९ मधे ४७ कोटी डॉलरला गेलं कुणाकडे, तर पीटीसीकडे. (इंजिन? पॅरासॉलिड. आता हसू पण येत नाही.)

पुढच्या शनिवारी भोसरीला गेलो. लांडेवाडीच्या सिग्नलला अर्धा तास. माळ्यावर पोरं कामात, आणि काका पण आले होते, हातात नळीत गुंडाळलेलं एक ट्रेसिंग घेऊन. त्यांचं जुनं फिक्श्चर, १९७९ ची तारीख. उलगडून टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर चार स्लिप गेज ठेवले. पेन्सिलीने बारीक अक्षरात एका पिनेपाशी लिहिलेलं: 'ही जागा बदलू नये, कास्टिंगचा रायझर इथे येतो.' मित्र बघतच राहिला. "हे आपल्या एकाही मॉडेलमधे नाही," म्हणाला. पोरांना विचारलं. एकाने छाती ठोकून सांगितलं की त्याला बऱ्याचशा पिनांची कारणं माहीत आहेत. कुठे लिहिलीत? तर, "लक्षात आहे ना सर." त्याचं वय सत्तावीस. चाकणच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू देऊन आलाय, हे मित्राने मला जिन्यात सांगितलं.

मग बसून ठरवलं ते असं. चारही सीट बदलायच्या नाहीत. नव्या गिऱ्हाइकाच्या कॅडची एक सीट घ्यायची, जमली तर वर्षाच्या भाड्याने, आणि ती किंमत कोटेशनमधे वेगळी ओळ म्हणून दाखवायची. लपवायची नाही. मित्र म्हणाला, "ते कापतील." कापतील तर तेव्हा बघू, पण ओळ दिसू दे. नव्या ऑर्डरची फिक्श्चर्स सरळ नव्या कॅडमधे पहिल्यापासून काढायची, भाषांतराच्या भानगडीत पडायचंच नाही. काका बोर्डवर पुन्हा काढायचे तसं. वेळ जाईल, जाऊ दे. ती इंटरव्ह्यूवाली स्वारीच त्या सीटवर बसवायची, म्हणजे निदान शिकायच्या ओढीने थांबेल. (हा माझा सल्ला. मित्राच्या मते शिकला की नक्की पळेल. दोघांचंही बरोबर असू शकतं.)

आणि जुन्यांचं काय? अकरा वर्षांच्या फाइली आहेत तिथेच राहतील, पण त्या कॅडचा मेंटेनन्स उद्या बंद केला तरी हातात काहीतरी उरायला हवं. म्हणून प्रत्येकाची स्टेप फाइल, ट्रीमधली सगळी मापं नावांसकट साध्या टेक्स्टमधे, आणि एक पीडीएफ. ते काम माझ्याकडे आलं. कॅडचं एपीआय वापरून मॅक्रो लिहिला. व्याज मोजण्यापेक्षा मजा आली. टेक्स्ट फाइलमधे सगळ्यात वर एक रिकामी ओळ सोडलीय, 'कारण:' अशी. ती मॅक्रो भरू शकत नाही. पोरांनी रोज दोन फिक्श्चर्स घेऊन काकांसमोर बसायचं आणि ती भरायची, असं ठरलंय. काकांनी त्यासाठी नवीन पेन्सिलींचा डबा आणलाय. आम्ही टाइप करणार आहोत हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

काल रात्री मॅक्रो पहिल्यांदा पूर्ण चालवला. सकाळी बघितलं तर बरंचसं झालंय, पण काही असेंब्ल्या उघडतानाच अडकल्यात. त्यांचे सुटे पार्ट कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर राहिलेत. तो लॅपटॉप कुणाचा, हे शोधायला दुपारी पुन्हा भोसरीला जायचंय.